म्हात्रे सिस्टरची पट्टी

सिस्टर, तुमच्या बाराव्याला मी आले नाही. शुभांगीचा दोनदा फोन आला. "आईची लाडकी तू, आनि तूच नाय?" म्हणाली. मी सांगितलं, दुपारची ड्यूटी आहे, वॉर्डात आम्ही दोघीच आहोत. तुमची लेक आहे ती, "बरं" म्हणून फोन ठेवला, पण तिला लागलं हे मला फोनवरही कळलं. आता तुम्हीच सांगा, ड्यूटी टाकून मी तुमच्या बाराव्याची खीर ओरपायला आले असते, तर तुम्ही हार घातलेल्या फोटोतून खाली उतरून विचारलं नसतं का, "आनि वॉर्डात कोन हाय गो?" त्यापेक्षा शुभांगीचा रुसवा परवडला. तिची समजूत मी काढेन.

पण तुमच्याशी बोलायचं राहिलंय, म्हणून हे लिहायला बसले. तुम्ही कुठे जन्मलात, किती वर्षं नोकरी केलीत, किती मायाळू होतात, हे सगळं तिथे बोलून झालं असेल. मायाळू वगैरे तुम्ही नव्हतात, हे आपल्या दोघींना माहीत आहे. पहिल्याच दिवशी तुम्ही माझ्या कानातले लोंबते डूल काढायला लावले होते आणि केस नीट बांधून यायला परत पाठवलं होतं. शिवाय आपलं एक भांडण अर्धवट पडलंय. ते तसंच टाकून गेलात, हे काही बरं केलं नाहीत.

मी खांब गावची. नर्सिंगच्या कोर्ससाठी पेणला आले तेव्हा दहावीच्या गणितातून कशीबशी काठावर सुटलेली मुलगी होते. नर्स म्हणजे ताप बघायचा, इंजेक्शन द्यायचं, पेशंटशी गोड बोलायचं, अशी माझी समजूत. गणित इथेही माझ्या मागे येईल असं कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर लिहिणार मिलिग्रॅममध्ये, कुपीत औषध एमएलमध्ये, सलाईन मोजायचं थेंबांत, आणि या तिघांची सोयरीक जुळवायची मी. वर्गात सूत्र शिकवलं होतं: एकूण एमएल गुणिले थेंबांचा आकडा, भागिले मिनिटं. सूत्र तोंडपाठ होतं, कुठला आकडा कुठे बसवायचा तेवढं कळत नव्हतं. एका चाचणीत मी पेशंटला मिनिटाला साडेसहाशे थेंब दिले. "अगं, हे सलाईन नाही, हा नळ झाला," बाई म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

त्याच आठवड्यात मी घरी सांगून टाकलं की मला हे जमायचं नाही. कोलाडला हायवेवर मामाचं हॉटेल आहे, तिथे मामीच्या हाताखाली भाकऱ्या थापीन म्हटलं. बाबा रागावले नाहीत. प्रॅक्टिकलचा महिना तेवढा संपव आणि ये, म्हणाले. तो महिना तुमच्या वॉर्डात होता.

ते वीस खाटांचं खाजगी हॉस्पिटल, मागच्या गल्लीत गणपतीचे कारखाने. खिडकी उघडली की स्पिरिटच्या वासात रंगाचा वास मिसळायचा. तुम्ही तिथल्या मोठ्या सिस्टर. माझं नळाचं प्रकरण तुमच्या कानावर कोणी घातलं कोण जाणे, पण एका दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. मुदत संपलेली सलाईनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलीत, तिला नळीचा सेट जोडलात आणि खाली खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण धरलंत.

"मोज."

"काय मोजू?"

"थेंब मोज गो, दुसरं काय. शंभर झालं का सांग."

शंभर झाल्यावर तुम्ही रोलर बंद केलात, म्हणजे नळीवरचं ते चाक, जे फिरवलं की थेंब कमी-जास्त होतात. टोपण माझ्या डोळ्यांसमोर आणलंत. पाणी पाचाच्या रेघेला टेकलं होतं.

"शंभर थेंबांत पाच एमएल. मग एका एमएलला?"

"वीस."

"कोनी सांगितलं?"

"मीच मोजले."

"हां. आता पुस्तकाला भ्यायचं नाय."

मग म्हणालात, तासाला किती एमएल जायला हवं ते काढ, त्याला तिनाने भाग, की झाले मिनिटाचे थेंब. का तिनाने, ते सांगितलं नाहीत. "विचार कर घरी जाऊन," म्हणालात. तासाची मिनिटं साठ, एमएलचे थेंब वीस, आणि साठात वीस तीनदा बसतात, हे मला हॉस्टेलवर दात घासताना उमगलं. तोंडात फेस असतानाच मी खोलीतल्या मैत्रिणीला ओरडून सांगितलं. तिला वाटलं, पाल बघितली. आयुष्यात पहिल्यांदा गणितातलं काहीतरी माझं मला कळलं होतं. कोलाडच्या भाकऱ्या त्या दिवशी राहिल्या त्या राहिल्याच. मामी अजून म्हणते, चांगली हाताखाली आली असतीस.

तुमचे वडील मिठागरात राबलेले. "माझ्या बापानं खाडीचं पानी आटवून मीठ केलं, नि मी मिठाचं पानी थेंबाथेंबानं लोकांना देते," असं म्हणून तुम्ही स्वतःच हसायचात. दुसरं कोणी हसलं तर मात्र चालायचं नाही. एकदा डॉक्टर हसले होते, तर त्यांना दिवसभर फणकाऱ्याने "सर" म्हणालात.

आणि तुमची ती पट्टी. लहान मुलांचं औषध असलं, किंवा ज्यात थोडं इकडेतिकडे झालं तर जिवावर बेतेल असं कुठलंही औषध असलं, की दोघी सिस्टरांनी हिशोब वेगवेगळा करायचा. एकमेकींना विचारायचं नाही, एकमेकींच्या कागदात डोकवायचं नाही. चिकटपट्टीचा बोटभर तुकडा फाडायचा, त्यावर उत्तर लिहायचं, डाव्या तळहाताला चिकटवायचा आणि मूठ मिटायची. मग समोरासमोर उभं राहून एकदम मुठी उघडायच्या. उत्तर जुळलं की पट्ट्या कचऱ्यात, हात धुवायचे आणि पेशंटकडे. नाही जुळलं तर सुईला हात लावायचा नाही, दोघींनी पहिल्यापासून पुन्हा. डॉक्टर जाता-येता विचारायचे, "काय सिस्टर, झाला का जुगार?" तुम्ही म्हणायचात, "झाला. आज कोन हरलं नाय."

मला आधी तो पोरखेळ वाटला. मी सरळ विचारावं, "सिस्टर, दीड एमएल ना?" आणि तुम्ही "व्हय" म्हणावं, की झालं काम. पण असं विचारलेलं तुम्हाला खपायचं नाही. "तू आपलं उत्तर माझ्या तोंडात घालतेस नि मग तेच माझ्या तोंडातनं ऐकतेस," म्हणायचात. "त्यात मी कुठं हाय?" खरंच होतं ते. घाईच्या वेळी समोरचा काय म्हणतोय ते न ऐकता मान डोलवणारी माणसं मी नंतर खूप बघितली. मीही डोलवली असती.

आता आपलं भांडण. तुम्ही प्रत्येक सलाईनपाशी मनगटावरचं घड्याळ वर धरून पूर्ण मिनिट थेंब मोजायचात. मी पंधरा सेकंद मोजायचे आणि चारने गुणायचे. उत्तर तेच. वीस खाटांचा वॉर्ड, सगळीकडे मिनिटभर खांबासारखं उभं राहायचं तर बाकीची कामं कोणी करायची? तुम्ही म्हणायचात, पंधरा सेकंदांत एक थेंब चुकला तर मिनिटाला चार चुकतात. मी म्हणायचे, चार थेंबांनी कोणाचं काही होत नाही. तुम्ही म्हणायचात, "तुझ्या आईला लावलेलं असलं तरी?" अशी आईला मधे आणण्याची तुमची खोड मला अजिबात आवडायची नाही.

एकदा माझ्या गावचेच एक आजोबा आजीला घेऊन आले होते. जुलाबांनी आजी पार गळून गेलेली. त्यात आजीचं हृदय आधीच अशक्त, म्हणून सलाईन हळूहळू, मिनिटाला एकवीस थेंब. मी पंधरा सेकंद मोजून पुढच्या खाटेकडे गेले. आजोबा स्टुलावर हात जोडल्यासारखे साळसूद बसले होते. माझ्या मागून तुम्ही आलात आणि घड्याळ वर धरून उभ्या राहिलात. मिनिट पुरं झालं तशी तुम्ही शांतपणे विचारलंत, "आजोबा, एसटी कितीची हाय?"

"साडेपाचची," ते पटकन बोलून गेले.

"नि चाक कवा फिरवनार होतात?"

आजोबा खाली बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "तू गेलीस का."

मी हसू दाबायला तोंड फिरवलं. पंधरा सेकंदांत थेंबच दिसले होते मला. मिनिटभरात तुम्हाला आजोबांची नजर एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि दोनदा रोलरकडे गेलेली दिसली होती. तुम्ही त्यांना ओरडला नाहीत. त्यांच्याशेजारी बसून सांगितलंत की सगळं पाणी एकदम गेलं तर आजीच्या छातीत भरेल. आणि वर म्हणालात, "आता हे चाक तुमच्या ताब्यात. कोनी हात लावला का मना हाक मारायची." त्यानंतर आजोबांनी त्या रोलरवर असा पहारा दिला की बाटली बदलायला मी गेले तर मलाही हात लावू देईनात. "मोठ्या बाईला विचार आधी," म्हणाले. एसटी गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी आजी चहा मागायला लागल्या.

तुम्ही माझ्याकडे बघून नुसत्या भुवया उडवल्यात. मी तरी कुठली ऐकणार? म्हटलं, हे तुम्हाला थेंब मोजून नाही कळलं, माणसाकडे बघून कळलं. तुम्ही म्हणालात, "मग मिनिटभर उभं राहून मी काय करते असं तुला वाटलं?" तरीही हरले असं मी म्हटलं नाही. भांडण तिथेच लोंबकळत राहिलं.

त्यापुढचं मी कोणाला फारसं सांगितलेलं नाही. तुम्ही मात्र जन्मभर सगळ्यांना सांगत आलात, त्यामुळे लपवण्यासारखं त्यात काही उरलंच नाही.

कोर्स संपवून मी तुमच्याच हॉस्पिटलात लागले होते, अगदी नवी. कारखान्यात मूर्ती रंगवणाऱ्या एका बाईची वर्षाची मुलगी तापाने भरती झाली होती. आईच्या नखांत पितांबराचा पिवळा रंग तसाच होता, आणि मुलगी ती बोटं सोडायला तयार नव्हती. डॉक्टरांनी अमिकासिनचं इंजेक्शन लिहिलं, पंचाहत्तर मिलिग्रॅम. आपण पट्ट्या फाडल्या. मी ट्रेमधली कुपी उचलून लेबल वाचलं, कारण त्याशिवाय मला काही माहीतच नव्हतं. दोन एमएलमध्ये अडीचशे मिलिग्रॅम. म्हणजे पंचाहत्तरला पॉइंट सहा एमएल. लिहिलं आणि मूठ मिटली.

तुम्ही लेबल वाचलं नाहीत. त्या हॉस्पिटलात वर्षानुवर्षं दोन एमएलमध्ये शंभरची कुपी येत होती, तेवढ्याच आकाराची, दिसायला तशीच. जास्त ताकदीची कुपी त्या दिवशी पहिल्यांदा आली होती. तुमचं पेन पट्टीवर कसं फिरलं ते मला दिसलं: एक, टिंब, पाच. दीड एमएल. मोठ्या सिस्टरचं दीड आणि माझं पॉइंट सहा, म्हणजे मीच चुकले, दुसरं काय असणार? पुन्हा नळाचं प्रकरण. मी मुठीतल्या मुठीत बोटाने पट्टीवरची शाई घासायला लागले.

तुम्ही माझं मनगट धरलंत.

"काय करतेस?"

"सिस्टर, माझं चुकलंय."

"कोन बोललं?"

"तुमचं वेगळं..."

"माझं अजून उघडलेलं नाय. उघड."

उघडलं. माझं पॉइंट सहा, जरा फासलेलं. तुमचं दीड. तुम्ही कुपी उचललीत, खिडकीपाशी नेऊन लेबल वाचलंत, पुन्हा वाचलंत, आणि होतात तिथेच स्टुलावर बसलात. तुमचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी बघितला नव्हता. अडीचपट औषध त्या एवढ्याशा अंगात गेलं असतं. हे औषध जास्त झालं तर कान जाऊ शकतात, किडनीवर जाऊ शकतं. मग तुम्ही उठलात, डॉक्टरांना बोलावलंत आणि सगळ्या वॉर्डसमोर सांगितलंत, "माझं दीड आलं, हिचं पॉइंट सहा. हिचं बरोबर हाय." आईला यातलं काही कळलं नाही. मुलीला इंजेक्शन दिलं, ती रडली, आणि रडता रडता आईच्या खांद्यावर झोपली.

चहाच्या वेळी मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. तुम्ही बशी बाजूला सारून विचारलंत, "खोडत का होतीस?"

"तुमचा वीस वर्षांचा अनुभव, सिस्टर. मला वाटलं..."

"माझी वीस वर्षं त्या पोरीच्या अंगात जानार नव्हती गो. औषध जानार होतं."

चहा संपवलात, कप विसळलात. जाता जाता म्हणालात, "चूक दिसली का खोडायचं. समोरचं मानूस मोठं हाय म्हनून खोडायचं नाय." बास. शाबासकी नाहीच. मला रडू आलं होतं आणि रागही आला होता, खरं सांगते. कपाटात त्या दोन ताकदींच्या कुप्या वेगवेगळ्या खणांत ठेवण्याचं काम तुम्ही त्याच संध्याकाळी माझ्याकडून करून घेतलंत.

लग्न होऊन मी रोह्याला आले, इथल्या हॉस्पिटलात लागले, आणि पट्टी बरोबर घेऊन आले. इथेही आधी हसले. आता कोणी हसत नाही. नव्या मुलींना वाटतं, सगळीकडे असंच करतात. तुमचा फोन यायचा. माझ्या नवऱ्याची चौकशी नाही, मुलांची नाही, आधी "मोजतेस काय पूर्न मिनिट?" मी "मोजते" म्हणायचे. "खोटं बोलतेस," तुम्ही म्हणायचात आणि मग मुलांची चौकशी करायचात.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर तुम्ही नोकरी सोडून रोह्याच्या नदीपलीकडे, अष्टमी गावात शुभांगीकडे राहायला आलात, तेव्हा मला केवढा आनंद झाला होता. सकाळची ड्यूटी सुटली की पूल ओलांडून पलीकडे गेलं की तुम्ही. तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्यासाठी झाकून ठेवलेली असायची. भाकरी खायच्या आधी वॉर्डात काय काय झालं ते सांगावं लागायचं. आमच्याकडे सलाईन मोजणारं मशीन आलं तेव्हा तुम्ही नाक मुरडलंत. मी म्हटलं, मशीन थेंब चुकवत नाही, आणि काही अडलं तर शिट्टी तरी वाजवतं. "नि आजोबा बगतंय काय ते?" तुम्ही विचारलंत. झालं, भांडण पुन्हा सुरू. शुभांगी आतून ओरडायची, "झाल्या का दोघी चालू!"

मग तुमचं हृदय थकलं. पाय सुजले, जेवण तुटलं, आणि शेवटी तुम्ही माझ्याच वॉर्डात, खिडकीजवळच्या खाटेवर आलात. डॉक्टरांनी सलाईन लिहिलं, तासाला चाळीस एमएल. जास्त नको, छातीत पाणी भरेल. कमीही नको, लघवी आधीच कमी होतेय. मशीन दुसऱ्या पेशंटला लावलेलं होतं, म्हणून मी बारीक थेंबांचा सेट घेतला, ज्यात साठ थेंबांना एक एमएल होतो. या सेटला भागाकार लागत नाही: तासाला जितके एमएल, मिनिटाला तितकेच थेंब. चाळीस. नवी मुलगी आहे नम्रता, तिच्याबरोबर पट्टी केली, जुळलं, लावलं.

दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. चष्मा उशाशी होता. बराच वेळ थेंबांकडे बघत राहिलात.

"सुजाता, हे जोरात चाललंय गो."

"बरोबर आहे, सिस्टर."

"किती सोडलेस?"

"चाळीस."

"डॉक्टर काय बोललाय?"

"तासाला चाळीस एमएल."

तुम्ही डोळे मिटलेत. ओठ हलत होते. तिनाने भाग चालला होता, मला कळलं. "तेरा पायजेत," म्हणालात. "चाळीस थेंब म्हंजे तासाला एकशेवीस. माझी छाती भरंल."

किती अचूक भीती होती ती. नेहमीचा सेट असता तर अगदी तसंच झालं असतं. तुमचा श्वास वाढला, हात रोलरकडे जायला लागला. शुभांगी घाबरली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "कर ना गो तिच्या मनासारखं. झोपली का परत वाढव. आता तिला कशाला दुखवायचं?"

सिस्टर, माझा हात रोलरवर गेला. तेरा थेंब करून ठेवणं क्षणाचं काम होतं. तुम्ही निवांत झाला असतात. आपण अजूनही चूक पकडू शकतो या समाधानात झोपला असतात, आणि तेवढं समाधान मला तुम्हाला द्यायचं होतं, फार द्यायचं होतं. इतक्या थकलेल्या माणसाला, आणि त्यातून तुम्हाला, चुकलात म्हणून कोण सांगतं? पण तेरा थेंबांत तुमच्या अंगात तासाला तेराच एमएल गेले असते. आणि मला माझं मनगट आठवलं, त्यावरची तुमची पकड आठवली. मी हात काढून घेतला.

"सिस्टर, तुमचं चुकलंय."

शुभांगीने माझ्याकडे असं बघितलं की काय सांगू. तुम्हीही बघितलंत. मग तुमच्या तोंडाचा एक कोपरा हलला.

"पट्टी दे," म्हणालात.

मी दोन तुकडे फाडले. तुम्हाला पेन धरवत नव्हतं, मी हात खाली आधाराला दिला, पण मान दुसरीकडे वळवली, कारण बघायचं नसतं. मुठी मिटल्या. उघडल्या. तुमचं तेरा, माझं चाळीस.

"नाय जुळलं," तुम्ही म्हणालात. "पयल्यापासनं."

मी तुमच्या नाकावर चष्मा चढवला आणि नळीतली थेंब पडतात ती पारदर्शक कुपी तुमच्या डोळ्यांजवळ आणली. आतली बारीक सुई दाखवली, जिच्या टोकावरून हा बारीक थेंब सुटतो. तुम्ही बघितलंत. पुन्हा बघितलंत, पेणला खिडकीपाशी त्या लेबलाकडे बघितलं होतंत तसंच. मग पेन मागितलंत, तेरावर काट मारलीत, आणि त्याच्याखाली वाकडंतिकडं चाळीस लिहिलंत.

तुम्हाला मी कधी खोडताना बघितलं नव्हतं, सिस्टर.

"तुझा हात गेला होता चाकावर," थोड्या वेळाने तुम्ही म्हणालात.

"गेला होता."

"बघितलं मी." आणि तुम्ही चक्क हसलात. "आता मना झोप लागंल."

लागलीही. शुभांगी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. मी घड्याळ वर धरलं आणि तुमच्या खाटेपाशी पूर्ण मिनिट उभी राहिले. चाळीस थेंब मोजले, आणि मधल्या वेळात तुमच्याकडे बघितलं. तुमचा श्वास खाली आला होता, कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या, आणि डावी मूठ पट्टीवर पुन्हा मिटलेली होती. ते भांडण तुम्ही जिंकलात, घ्या. पण रोज सगळ्या खाटांपाशी मला अजूनही जमत नाही, आणि त्यावर तुम्ही काय म्हणाल तेही मला पाठ आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, माझी ड्यूटी नसताना, तुम्ही गेलात. तुमचे आभार मानायचे राहिले. मानू दिले असतेत असंही नाही. "थँक्यू" म्हटलं की तुम्ही "उत्तर सांग" म्हणायचात. मी आज जी कोणी आहे ती त्या खिडकीच्या गजाला टांगलेल्या बाटलीमुळे आहे, तुमच्यामुळे आहे. हे एवढंच, एकदा, तुमच्या तोंडावर म्हणायचं होतं.

त्या दुपारी तुम्हाला झोप लागल्यावर मी हळूच तुमची मूठ सोडवून पट्टी काढली. नम्रता परवा म्हणाली, ती पट्टी ठेवायची होती हो ताई, आठवण म्हणून. तिचंही बरोबर आहे. काट मारलेलं तेरा, खाली तुमचं वाकडंतिकडं चाळीस, ठेवण्यासारखीच होती. पण मी ती ठेवली नाही. तुमची आणि माझी, दोन्ही पट्ट्या कचऱ्यात टाकल्या, हात धुतले आणि शेजारच्या पेशंटकडे गेले. उत्तर जुळलं होतं, सिस्टर.